शेततळं : उतरायला सोपं, चढायला अवघड

दोस्तांनो, घसरगुंडीवर उलटं चढायचा उद्योग तुमच्यापैकी कोणी केलेला नाही? शिडी सोडून द्यायची, दोन्ही कडा घट्ट धरायच्या, पाय रोवायचे आणि समोरूनच वर! आता अशी कल्पना करा, की त्या घसरगुंडीच्या कडा काढून टाकल्या. मग तिच्यावर बादलीभर पाणी ओतलं. वर शेवाळाचा हिरवा लेप दिला. आता चढा बरं!

नाही ना जमत? प्लॅस्टिकचा कागद टाकलेल्या शेततळ्याची बाजू नेमकी अशीच असते.

नाशिकच्या द्राक्षबागांत, सांगोल्याच्या डाळिंबबागांत शेततळी तुम्ही पाहिली असतील. कित्येकांच्या तर घरामागेच असतील. महाराष्ट्र सरकारनं २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आणली आणि गावोगावी तळी झाली. उन्हाळ्यात बाग जगते ती त्याच पाण्यावर. म्हणून शेततळ्याला नावं ठेवायचा माझा मुळीच विचार नाही. पण ते घराचंच पाणी आहे, आणि घरातल्या विस्तवाची काळजी घेतो तशी त्याची घ्यायला हवी.

ते किती मोठं असतं? वर ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल असं एक तळं धरा. बाजू उतरत्या असल्यामुळे तळाशी ते लहान होतं. हिशेब केला तर पाणी भरतं जवळजवळ २० लाख लिटर. परदेशात लोक घरच्या अंगणात पोहायचा तलाव बांधतात, त्यात साधारण ५० हजार लिटर पाणी मावतं. म्हणजे असे चाळीस तलाव एका शेततळ्यात! आणि खोली ३ मीटर म्हणजे काय? सहावीतल्या मुलाच्या खांद्यावर दुसरा मुलगा उभा राहिला, तरी त्याचं डोकं पाण्याबाहेर येणार नाही.

"पण बाई, मला पोहता येतं की!" वर्गात हा विषय काढला की हे वाक्य येतंच. आमच्याकडची मुलं पाठीला डबा नाही तर भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकतात, आणि छान शिकतात. पण विहिरीला पायऱ्या असतात. दगडांच्या कपारी असतात, मोटारीचा पाइप असतो. दमलात की धरायला काहीतरी सापडतं. शेततळ्यात धरायला काहीच नाही. पोहणारा काठापर्यंत येतो, कागदावर पाय ठेवतो आणि सुर्रकन मागे येतो. पुन्हा चढतो, पुन्हा मागे. चार-पाच वेळा असं झालं की चांगला पोहणाराही दमून जातो. पोहता येणं ही उत्तम गोष्ट आहे, पण शेततळ्यात प्रश्न पोहण्याचा नसतोच, बाहेर येण्याचा असतो.

आणखी एक गंमत बघा (गंमत कसली म्हणा!). आपल्याला वाटतं, पाणी जास्त तेव्हा धोका जास्त. तळं काठोकाठ भरलेलं असतं तेव्हा पाण्यातून हात वर केला की बांध हाताला लागू शकतो. एप्रिल-मे महिन्यात बागेला पाणी देऊन देऊन पातळी खाली जाते. मग पाणी आणि बांध यांच्यामध्ये नुसता गुळगुळीत कागद उरतो. आणि नेमकी तेव्हाच शाळांना सुट्टी असते. मुंबई-पुण्याची मावसभावंडं, आतेभावंडं गावी आलेली असतात. त्यांना ते निळंशार पाणी स्विमिंग पूलसारखं दिसतं. बादली बुडवायला, निसटलेली चप्पल काढायला किंवा नुसते हात धुवायला कोणी वाकतं आणि घसरतं.

सिनेमात बुडणारा माणूस 'वाचवा, वाचवा' असं ओरडतो. खरं बुडणं तसं नसतं. ज्याला श्वास घेता येत नाही, तो ओरडेल कसा? त्याचे हात पाण्यावर दाब देत राहतात, कोणाला हाक मारायला ते वर येत नाहीत. अर्ध्या-एक मिनिटात सगळं शांत होतं. वीस पावलांवर घरचे लोक गप्पा मारत बसलेले असतात आणि त्यांना कळतही नाही. लग्नकार्यात, हुरडा पार्टीत तर जास्तच. सगळे जण हजर असतात, त्यामुळे पोराकडे कोणीतरी बघत असेल, असं प्रत्येकाला वाटतं. अशा वेळी एका मोठ्या माणसाला पाण्याचा पहारेकरी नेमावं. गळ्यात शिट्टी, हातात मोबाइल नाही, आणि दर पंधरा मिनिटांनी पाळी बदलायची. पाळी आली की शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात. शेतावरच्या बंगल्यात पोहायचा तलाव असेल, तर तिथेही हेच करावं.

पण खरा पहारेकरी म्हणजे कुंपण. ऑस्ट्रेलियात घरोघरी पोहायचे तलाव आहेत. तिथल्या न्यू साऊथ वेल्स राज्यात १९९२ पासून त्यासाठी वेगळा कायदाच आहे. कुंपण निदान १.२ मीटर उंच हवं. खालून १० सेंटीमीटरपेक्षा जास्त फट नको. दार आपोआप बंद होणारं हवं आणि तलावाच्या बाजूला नव्हे, बाहेर उघडणारं हवं. म्हणजे लहान मूल दाराला रेललं तर दार उघडत नाही, उलट बंदच होतं. किती साधा विचार आहे!

आपल्याकडे कित्येक तळ्यांना नुसती 'धोका' अशी पाटी असते. तीन वर्षांच्या बाळाला ती वाचता येते का? त्याला अडवते ती जाळी. कुंपण असेल तर एकदा फेरी मारून बघा. जाळी कुठे कुत्र्यांनी उचकटली आहे का? जाळीला टेकून कॅरेट, दगड किंवा पाइपची बंडलं ठेवली आहेत का? ती म्हणजे चढायला आयती पायरी. ती मोठ्यांना सांगून हलवून घ्या. फाटकाची कडी वरच्या बाजूला लावायला सांगा. आणि ही फेरी बाहेरूनच मारायची बरं का, तीही एकट्यानं नाही!

समजा, कोणी पाण्यात पडलंच, तर? पहिली गोष्ट, मागोमाग उडी मारायची नाही. भावाला काढायला बहीण आणि बहिणीला काढायला आई, असं एकामागून एक होतं. बातम्यांत तुम्ही वाचलंच असेल. बांधावर उभं राहून हातही द्यायचा नाही, तुम्हीच ओढले जाल. मोठ्यानं ओरडून माणसं बोलवा. झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, पिंप, हवा भरलेली ट्यूब, जे सापडेल ते त्याच्याकडे फेका. मग दोर, कासरा किंवा गाठ मारलेली साडी टाका. ओढताना बांधावर मागच्या बाजूला पालथं पडा.

बाहेर काढलेल्या मुलाला उलटं टांगून गरगर फिरवायचं किंवा पोट दाबून पाणी काढायचं, ही जुनी समजूत आहे. त्यात मोलाचा वेळ जातो. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवून ठेवायचं. श्वास बंद असेल तर शिकलेल्या मोठ्या माणसानं ताबडतोब तोंडानं श्वास द्यायचा आणि छाती दाबायला सुरुवात करायची. तोवर दुसऱ्यानं १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायची. मूल उठून बसलं तरी दवाखान्यात न्यायचंच.

कुंपणाला पैसे लागतात, मला ठाऊक आहे. पण गाठी मारलेला दोर तर आजच लावता येईल! बांधापलीकडे लोखंडी खुंटी पक्की ठोकायची, तिला जाड दोर बांधायचा, फूटभर अंतरावर गाठी मारायच्या आणि तो पार पाण्यात सोडायचा. टोकाला रिकामा कॅन बांधला की टोक तरंगत राहतं, लांबून दिसतं. चारही बाजूंना निदान एकेक दोर हवाच. हे काम बाबा, काका यांच्याकडूनच करून घ्यायचं. तुमचं काम हिशेबाचं.

दोर किती आणायचा? सातवीतल्या मुलांनो, पायथागोरस आठवा. तळं ३ मीटर खोल आणि बाजू आडवी ४.५ मीटर आत गेलेली, तर उताराची लांबी झाली सुमारे ५.४ मीटर. त्यावर अठरा गाठी, आणि एकेक गाठ साधारण १५ सेंटीमीटर दोर खाते, म्हणजे आणखी २.७ मीटर. काठापासून खुंटीपर्यंत दीड मीटर, कॅनसाठी अर्धा. झाले दहा मीटर. चार बाजूंचे चाळीस. खुंटीला वेढे द्यायलाही दोर लागतो, म्हणून दुकानात ४५ मीटर मागा. आणि उन्हानं नायलॉनही कुजतो, तेव्हा पुढच्या मार्चमध्ये हीच यादी पुन्हा काढा.