शस्त्र घडविणाऱ्याचे उत्तरदायित्व

लोहाराने घडविलेल्या कोयत्याने कोणी दुसऱ्याचा प्राण घेतला, तर गाव लोहारास दोष देत नाही. कोयता ऊस तोडण्यासाठी घडविला होता. पाप मारणाऱ्याच्या हाताचे. परंतु गिऱ्हाईक मारेकरी आहे हे पुरते ठाऊक असूनही तोच लोहार त्यास कोयते पुरवू लागला, तर गावाचा न्याय पालटतो. या दोन टोकांच्या मधोमध कोठे तरी कायद्याला रेघ ओढावी लागते. आणि वस्तू कोयता नसून बंदूक असली, तर ती रेघ ओढणे अधिकच बिकट होते. कारण बंदुकीचा योग्य उपयोग आणि दुरुपयोग या दोहोंचे फळ पुष्कळदा एकच, म्हणजे गोळी लागणे, हेच असते.

अमेरिकेत या प्रश्नाला कायद्याने स्पष्ट उत्तर दिले आहे. १९९८ पासून न्यू ऑर्लिन्स, शिकागो आदी अनेक नगरांनी बंदुकींच्या कारखानदारांवर दिवाणी दावे लावले. गोळीबारामुळे रुग्णालयांचा व पोलिसांचा जो खर्च नगरावर पडतो, तो कारखानदारांनी भरून द्यावा, अशी त्यांची मागणी होती. कारखानदारांचे म्हणणे असे की, कायद्याने विकलेल्या निर्दोष मालाचा कोणी गुन्ह्यासाठी वापर केला, तर त्याचा भुर्दंड आमच्यावर कशासाठी? एकेक दावा जिंकला तरी वकिलांच्या खर्चानेच धंदा बुडेल. हे म्हणणे तेथील विधिमंडळाला पटले, आणि २६ ऑक्टोबर २००५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या स्वाक्षरीने शस्त्र-व्यापाराला संरक्षण देणारा कायदा झाला. तिऱ्हाइताने केलेल्या गुन्हेगारी दुरुपयोगाबद्दल शस्त्रांचे निर्माते व विक्रेते यांच्यावर दावा चालणार नाही, हे त्याचे सार होय.

मात्र ही ढाल सर्व बाजूंनी बंद नाही. बंदुकीतच दोष असून ती योग्य रीतीने वापरताना इजा झाली, विक्रीचा करार मोडला, धोकादायक माणसाच्या हाती निष्काळजीपणाने शस्त्र दिले, अथवा विक्री व जाहिरात यांविषयीचा कायदा जाणूनबुजून मोडला आणि त्यातूनच हानी झाली, तर न्यायालयाचे दार उघडे राहते. या शेवटच्या फटीतूनच एक मोठा दावा आत शिरला. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेक्टिकट राज्यातील सँडी हूक शाळेत २० मुले व ६ प्रौढ माणसे मारली गेली. मृतांच्या नातलगांनी बंदुकीच्या जाहिरातींवर बोट ठेवले. २०१९ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मुद्दा चालविण्यास मुभा दिली, आणि २०२२ मध्ये रेमिंग्टन कंपनीच्या विमेदारांनी ७ कोटी ३० लक्ष डॉलर देऊन तडजोड केली. उलट, सीमेपलीकडे चोरून जाणाऱ्या बंदुकांबद्दल मेक्सिको सरकारने लावलेला दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ जून २०२५ रोजी एकमताने अमान्य केला. आपला माल अखेर गुन्हेगारांच्या हाती पोहोचतो याची नुसती जाणीव असणे निराळे आणि गुन्ह्याला हेतुपूर्वक साह्य करणे निराळे, हा भेद न्यायालयाने ठामपणे मांडला.

हा सारा वाद सातासमुद्रापलीकडचा वाटला, तरी तो बदलापूरजवळच्या चामटोलीसारख्या गावापासूनही फार दूर नाही. शेजारच्या अंबरनाथला दारूगोळ्याच्या निर्मितीशी निगडित असा सरकारी आयुधनिर्माणी कारखाना आहे. २०२१ च्या ऑक्टोबरपर्यंत तो सरकारी खात्याचा भाग होता. त्यानंतर तो नागपूर येथे मुख्यालय असलेल्या यंत्र इंडिया या सरकारी कंपनीकडे गेला. याच पट्ट्यात रासायनिक कारखान्यांच्या वसाहतीही आहेत. या शेजाराने कायद्यातील एक भेद सहज ध्यानात येतो. धोकादायक कारखान्यातून विषारी वायू सुटून लोकांस इजा झाली, तर ‘आम्ही सर्व काळजी घेतली होती’ ही सबब चालत नाही; १९८६ मध्ये एम. सी. मेहता खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व घालून दिले. पण कारखान्यातून रीतसर बाहेर पडलेल्या काडतुसाने पुढे कोणाचा जीव घेतला, तर जबाबदारी कारखान्यापर्यंत मागे जात नाही. वायू आपोआप सुटतो; गोळी कोणीतरी झाडावी लागते.

भारतात अमेरिकेसारखा खास संरक्षक कायदा नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष वस्तूच्या निर्मात्यास भरपाईस जबाबदार धरले आहे. पण वस्तूचा दुरुपयोग किंवा तीत फेरफार झाला असल्यास विक्रेत्याविरुद्ध असा दावा चालत नाही, असेही त्याच्या ८७ व्या कलमात म्हटले आहे. मुळात आपल्याकडील खरा बंदोबस्त विक्रीपूर्वीचा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्र बनविण्यास, विकण्यास व बाळगण्यास परवाना लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकास तिनाऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. गावठी कट्ट्याचा कारागीर तर स्वतःच गुन्हेगार असतो. त्याच्यावर दावा लावून भरपाई कोण मिळविणार?

२ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री उल्हासनगरच्या हिल लाइन पोलीस ठाण्यातच गोळीबार होऊन दोघे जखमी झाले व एका आमदारास अटक झाली. गोळी कोणी झाडली व का झाडली, याचा खल झाला. पिस्तूल कोणत्या कारखान्याचे, हा चर्चेचा विषय झाला नाही. आपल्या समाजाची न्यायबुद्धी अजून झाडणाऱ्या हातापाशीच थांबते, आणि ते अयोग्य नाही.

तथापि, निर्मात्याला मोकळे सोडले की जखमी माणसाच्या नुकसानीचा भार कोणावर तरी पडतोच. गुन्हेगार बहुधा कफल्लक असतो. आपल्याकडे २००९ पासून गुन्ह्याने पीडित झालेल्यांसाठी सरकारी भरपाईची तरतूद आहे. म्हणजे अखेर तो भार सर्व करदात्यांनी उचलावयाचा. आता खासगी उद्योगही छोटी शस्त्रे बनवू लागले आहेत. धंदा वाढेल, जाहिरात येईल, आणि आज परका वाटणारा प्रश्न आपल्याही न्यायालयांच्या उंबरठ्यावर उभा राहील. त्या दिवशी कारखानदाराला अभय द्यावयाचे ठरले, तर परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची व शस्त्र विकणाऱ्या दुकानदाराची जबाबदारी त्याच मापाने वाढविली पाहिजे. साखळीतील एक कडी सुटी करावयाची, तर उरलेल्या कड्या अधिक घट्ट हव्यात. नाही तर साऱ्यांनी हात झटकावे आणि गोळी लागलेल्याने मात्र एकट्याने सोसावे, असा तो न्याय होईल.