कान म्हणतो सरळ, पंख मात्र वाकडा



वारीच्या वाटेवर तुम्ही फुगडी घालता. दहा-वीस गिरक्या होतात, हात सुटतात, पाय जागेवर थांबतात. तरी झाडं फिरतात, पताका फिरते, सगळी दिंडी फिरते. आता सांगा, झाड कधी फिरतं का? नाही. मग फिरतं काय? कानातलं पाणी!

आपल्या कानाच्या आत तीन बारीक अर्धगोल नळ्या आहेत, त्यांत पाण्यासारखा द्रव असतो. आपण वळलो की तो द्रव मागे रेंगाळतो, त्यावरून वळण कळतं. पण वळण एकसारखं चालूच राहिलं, तर थोड्या वेळात द्रवही त्याच गतीने फिरू लागतो आणि कान सांगतो, ‘सगळं सरळ आहे.’ जमिनीवर ही चूक डोळे सुधारतात. पण वैमानिक ढगात शिरला, किंवा रात्री समुद्रावर गेला, म्हणजे डोळ्यांना आधार नाही. विमान हळूहळू एका अंगावर कलतं, आणि त्याचं शरीर शपथेवर सांगतं, तू सरळ आहेस!

म्हणून वैमानिकाला शिकवतात : अंगाला वाटेल ते वाटू दे, हात मात्र यंत्र पाहून चालव. अन् एकाच यंत्रावर नजर खिळवू नकोस. सगळ्यांवरून फिरती ठेव. यालाच आपण अवधान म्हणतो.

१ जानेवारी १९७८ च्या रात्री मुंबईहून दुबईला निघालेलं विमान वांद्र्याजवळ समुद्रात कोसळलं. २१३ जीव गेले. चौकशीत निघालं ते असं, की कप्तानासमोरचं कल दाखवणारं यंत्र बिघडलं होतं, आणि बाकीची यंत्रं पाहून विमान सावरता आलं नाही. कप्तान अनुभवी होता, त्याला नावं ठेवू नका. अंधारात, काही क्षणांत, कोणाचंही असंच होईल. म्हणूनच तर एका विमानात कल दाखवणारी यंत्रं एकाहून जास्त बसवतात.

समर्थांनी तीन प्रतीती सांगितल्या : शास्त्रप्रतीती, गुरुप्रतीती, आत्मप्रतीती. तिन्ही का हो? नुसतं ‘मला वाटतं’ म्हणाल, तर ते कानातलं पाणी. नुसती पोथी धराल, तर तिचा अर्थ मन आपल्या सोयीने लावील. तिन्ही जुळल्या, की समजावं, पंख सरळ आहे.

आता घरी या. बांधावरून भावाशी बोलणं बंद झालं, वर्षं लोटली. आरंभी टोचत होतं. आता टोचतही नाही. मन म्हणतं, मी सरळ आहे, वाकडा तोच. मायबाप, टोचायचं थांबलं म्हणजे वळण थांबलं असं नव्हे! पाणी वळणाला सरावलं, एवढंच. अशा वेळी मनाला विचारू नका. संतांचं वचन काय म्हणतं ते पाहा, वडीलधारा माणूस काय सांगतो ते ऐका, मग शांत बसून स्वतःला विचारा.

आणि एक धोका ध्यानात ठेवा. कललेलं विमान वैमानिक सरळ करतो, तेव्हा त्याला वाटतं, आपण दुसऱ्या बाजूला कललो! घाबरून तो पुन्हा वाकडं करू पाहतो. तसंच तुम्ही भावाच्या दारी जाल, तेव्हा मन ओरडेल, ‘अरे, तू वाकलास!’ ओरडू द्या. त्याला सांगा, बाबा रे, वाकलो नाही. आज सरळ झालो.

रामकृष्ण हरी.