अंगणवाडीची पन्नास वर्षं

महाराष्ट्रात सरकारने घरातल्या चुलीची जबाबदारी पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर उचलली ती रोजगार हमीतून. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापुरात सुरू केलेला प्रयोग १९७२च्या दुष्काळात राज्यभर गेला आणि १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. पाझर तलावांवर माती वाहणाऱ्या, खडी फोडणाऱ्या बायकांनी त्या मजुरीवर घरं जगवली. पण मजुरी आली म्हणून पोर बाळसं धरेलच असं नसतं. त्यासाठी रोज कुणीतरी लक्ष घालावं लागतं.

ते काम २ ऑक्टोबर १९७५ पासून अंगणवाडीकडे आलं. देशभरात ३३ प्रकल्पांनी सुरू झालेली एकात्मिक बालविकास योजना आज गावोगाव, वस्तीवस्तीत आहे. सेविका सहा वर्षांखालच्या मुलांची वजनं घेते, दंडघेर मोजते, खिचडी वाढते, गाणी शिकवते. लसीकरणाच्या दिवशी घराघरांतून पोरं गोळा करते. गरोदर सुनेला विश्रांती हवी, हे सासूला पटवणारीही तीच. हे शेवटचं काम कुठल्याच रजिस्टरमध्ये लिहिलं जात नाही आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं तेच आहे.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला होता. पुढे हीच पद्धत आशाताईंच्या कामात आली. आदिवासी भागातल्या अमृत आहार योजनेतही असाच शहाणपणा आहे. घरी दिलेला शिधा सगळ्यांत वाटला जातो, अंगणवाडीत बसून खाल्लेलं गरम जेवण गरोदर बाईच्याच पोटात जातं.

थेट पैशांच्या योजनाही आहेत. संजय गांधी निराधार योजना १९८० पासून चालू आहे, तर लाडकी बहीण योजनेतून २०२४ पासून महिना दीड हजार रुपये मिळू लागले. बाईच्या स्वतःच्या खात्यात पैसे यावेत, हे चांगलंच. पण दोन महिन्यांत पोराचं वजन घटलं, हे बँकेला कळत नाही.

ज्या सेविकेला ते कळतं, तिला अजून मानधनावरच ठेवलंय. केंद्राने २०१८ मध्ये आपल्या निकषाचं मानधन वाढवून ४,५०० रुपये केलं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. तरी डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका-मदतनिसांना संपावर जावं लागलं आणि तो संप दीड महिन्याहून जास्त चालला. मुलाच्या रोजच्या आहाराचा ८ रुपयांचा दर २०१७ साली ठरला. त्या पैशांत बाजारात एक अंडंही धड येत नाही. सेविकेला वेतनश्रेणी मिळाली पाहिजे आणि आहाराचा दर दरवर्षी महागाईप्रमाणे वाढला पाहिजे.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. तुमच्या गावात ते कशावर खर्च झाले, हे पुढच्या ग्रामसभेत उभं राहून विचारा.