एसटीचा संप : गाडी मिळाली, सेवा नाही

१ जून १९४८ रोजी एसटीची पहिली बस धावली ती पुणे–अहमदनगर मार्गावर. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याची भिस्त आजही एसटीवरच आहे. २०२१च्या ऑक्टोबरअखेरीस शासनात विलीनीकरणाच्या मागणीसाठी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तेव्हा खासगी बस, स्कूलबस आणि मालवाहू गाड्यांनाही प्रवासी वाहतुकीची मुभा देण्यात आली. हा पर्याय अपुरा होता. दौंड–मनमाड रेल्वे राहुरी, श्रीरामपूर, कोपरगावला उपयोगी. अकोले, पाथर्डी, जामखेडला रेल्वेच नाही. काळी-पिवळी जीप सीटा भरल्याशिवाय हलत नाही आणि तिथे पासही चालत नाही. अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत मोफत प्रवास करणाऱ्या खेड्यातल्या मुलीला संपात रोजचे भाडे मोजावे लागते.

मग कर्मचाऱ्यांनी संपच करू नये, असे कोणी म्हणेल. पण नोव्हेंबर २०२१मध्ये दहा वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांच्या मूळ वेतनात ५,००० रुपयांची वाढ जाहीर झाली. ती आधीच देता आली असती. खासगीकरण हेही उत्तर नव्हे, कारण नफ्याच्या मार्गावर गाड्यांची रीघ लागेल आणि आडगावची मुक्कामी एसटी बंद पडेल. अखेर उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२पर्यंत रुजू होण्यास सांगितल्यावर कर्मचारी परतले. पुढच्या संपाआधी शासनाने दोन गोष्टी कराव्यात : वेतनाची बोलणी वेळेवर, आणि पर्यायी गाड्यांत पासला मान्यता देऊन त्या भाड्याची भरपाई.