एकच नर्तकी, दोन हंसिनी

‘स्वान लेक’मध्ये शापित ओडेट आणि तिचं सोंग घेऊन राजपुत्राला फसवणारी ओडिल, दोन्ही भूमिका बहुधा एकच नर्तकी करते. १८९५ मध्ये पेटिपा आणि इवानोव यांनी सेंट पीटर्सबर्गला हे बॅले नव्याने बसवलं, तेव्हा इटलीच्या पिएरिना लेन्यानीने ओडिलच्या नाचात सलग ३२ फ्वेते घेतले. प्रेक्षक आजही मनातल्या मनात मोजत बसतात.

फ्वेते म्हणजे एका पायावरची गिरकी. दुसरा पाय चाबकासारखा फिरून वेग देतो. दर फेरीला टाच क्षणभर टेकते की लगेच पुन्हा बोटांच्या टोकावर. खरं तर आकडा सोडावा आणि उभा पाय किती सरकला ते पाहावं. कसलेली नर्तकी जवळपास तिथल्या तिथेच राहते.

नर्तकी माया प्लिसेत्स्काया मात्र अनेकदा फ्वेते गाळून रंगमंचभर गोल गिरक्या घ्यायची. कुणाचं काही अडलं नाही! तिची ओडेट हातांत होती: खांद्यातून निघालेली लहर थेट बोटांपर्यंत जाई, जणू मध्ये हाडंच नाहीत.

‘जिझेल’ या बॅलेचा कस वेगळा. १९५६ मध्ये गलिना उलानोवा लंडनमध्ये जिझेल नाचली, वयाच्या ४६ व्या वर्षी. नायिकेला वेड लागतं त्या प्रसंगात केस सुटलेले, आधीच्या नाचातली पावलं अर्धवट आठवणारी. तिथे तंत्र शोधायचं तर त्या मुद्दाम अडखळणाऱ्या पावलांतच.