अंगणातल्या सशाला गार घर द्या

जत्रेत किंवा आठवडी बाजारात मुलाने हट्ट धरला आणि पांढऱ्या सशांची जोडी घरी आली, असे आता खेडोपाडी पुष्कळ घरांत घडते. पहिले चार दिवस ससे ओसरीवर बागडतात. मग जागोजाग लेंड्या पडू लागतात, चपला आणि विजेच्या वायरी कुरतडल्या जातात. घरची बाई म्हणते, "यांना आधी बाहेर ठेवा." मग कोंबड्यांचे एखादे जुने खुराडे शोधून काढतात, त्यावर पत्र्याचा तुकडा टाकतात आणि ससे अंगणात जातात.

पुढे काय होते ते मी माझ्याच घरी पाहिले आहे. २००९ सालचा एप्रिल महिना. तेव्हा मी मराठवाड्यात नोकरीला होतो. मुलीच्या सशांसाठी मी असेच पत्र्याचे खुराडे केले आणि ते भिंतीच्या सावलीत ठेवले. सकाळची ती सावली दुपारी सरकेल, हे माझ्या ध्यानात आले नाही. संध्याकाळी फिरतीवरून परत आलो तेव्हा एक ससा पाय ताणून पडला होता. भांड्यात पाणी होते, पण तेही तापले होते. गुरांचा गोठा कसा बांधावा हे गावोगाव सांगत फिरणाऱ्या माणसाने घरच्या सशाचे घर मात्र विचार न करता बांधले होते. आपल्या घरी असे होऊ नये म्हणून हे चार शब्द.

रानातला ससा वेगळा

"रानात ससे भर उन्हात राहतातच की!" असे कोणी म्हणेल. पण आपण मराठीत दोघांनाही ससाच म्हणत असलो तरी हे प्राणी वेगळे आहेत. रानातला ससा बीळ करत नाही. गवतात किंवा झुडपाखाली दबून बसतो. त्याची पिले अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात. त्याला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे संरक्षण आहे. तो पकडून पाळू नये.

पाळीव ससा मूळचा युरोपातल्या स्पेनकडचा. तो जमिनीत खोल बिळे करून राहणारा. त्याची पिले उघडी आणि आंधळी जन्मतात. गार, अंधारी, कोरडी जागा ही त्याची उपजत गरज आहे. त्याला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे आणि श्वासावाटे बाहेर टाकतो. साधारण १५ ते २० अंश सेल्सिअस तापमान त्याला मानवते. ३० अंशांच्या वर त्रास सुरू होतो आणि ३५ च्या पुढे जिवाला धोका असतो. आपल्याकडचा उन्हाळा पाहता त्याच्या घराचा पहिला विचार सावलीचा हवा.

जागा आणि मांडणी

कडुनिंब, आंबा किंवा चिंच अशा दाट झाडाखालची उंच, पाणी न साचणारी जागा निवडावी. सकाळी, दुपारी आणि चार वाजता तेथे जाऊन ऊन कोठे येते ते पाहावे. घराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे तिरपे ऊन अरुंद बाजूंवरच पडते.

दोन सशांसाठी घर निदान ६ फूट लांब, अडीच फूट रुंद आणि २ फूट उंच असावे. सशाला तीन उड्या मारता आल्या पाहिजेत आणि मागच्या पायांवर उभे राहिल्यावर कान छताला लागता कामा नयेत. पूर्वेच्या टोकाला दोन फुटांची बंद, अंधारी खोली करावी. पश्चिमेची बाजू फळ्यांनी बंद करावी, कारण दुपारचे ऊन आणि पावसाची झड तिकडूनच येते. उत्तरेला जाळी लावावी. दक्षिणेला खाली फळ्या आणि वर जाळी ठेवावी, म्हणजे वारा आरपार वाहील. घर जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच पायांवर ठेवावे. पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्यास मुंग्या चढत नाहीत.

छप्पर आणि तळ

नुसता पत्रा कधीही टाकू नये. कौले किंवा उसाच्या पाचटाचे जाड छप्पर उत्तम. पत्राच असेल तर त्याला वरून चुना मारावा आणि त्यावर तुराट्या, पऱ्हाट्या किंवा पाचट यांचा वीतभर थर द्यावा. छप्पर चारी बाजूंनी फूटभर पुढे काढावे.

कुत्र्या-मांजराच्या पंजाला गादी असते. सशाच्या तळव्याला नुसते केस असतात. म्हणून संपूर्ण तळ जाळीचा केला तर पायांना जखमा होतात आणि त्या लवकर बऱ्या होत नाहीत. गुळगुळीत फळ्या बसवून त्यावर कोरड्या गवताचा जाड थर पसरावा. आतून तैलरंग देऊ नये, कारण ससा लाकूड कुरतडतोच.

जाळी आणि कडी

कोंबड्यांची षट्कोनी जाळी कुत्रा सहज फाडतो. अर्ध्या इंची चौकोनांची जाड वेल्डेड जाळी घ्यावी. तीतून मुंगूस किंवा मोठा साप शिरत नाही. दाराला दोन कड्या लावाव्यात. कुत्रा नुसता भोवती भुंकत फिरला तरी ससा भीतीने उधळून पाठीचा कणा मोडून घेऊ शकतो, हे विसरू नये.

दिवसा हुंदडण्यासाठी घराला जोडून १० फूट बाय ६ फुटांचे जाळीचे आवार करावे. जाळी दीड फूट जमिनीत गाडावी, नाहीतर ससा खालून बाहेर जाईल. घारी आणि मांजरांसाठी वरूनही जाळी हवी.

फुटक्या रांजणाचा उपयोग

आवारात सावलीच्या कोपऱ्यात एक फुटका रांजण आडवा करून अर्धा मातीत पुरावा. फुटलेल्या कडा घासून गुळगुळीत कराव्यात. भोवतालची माती दुपारी ओली करावी. सशाला हवे ते बीळ आयते मिळते. उन्हाळ्यात जाळीवर ओले बारदान टांगावे, पण वारा अडवू नये. पाणी मातीच्या जड भांड्यात, दिवसातून दोनदा बदलून द्यावे. ससा भराभर धापा टाकू लागला, तोंड उघडून श्वास घेऊ लागला तर त्याला ताबडतोब गार जागी न्यावे, कान ओल्या फडक्याने पुसावेत आणि पशुवैद्यकांना दाखवावे. त्याला गार पाण्यात बुडवू नये.

पावसाळ्यात धोका ओलीचा. ओले गवत रोज काढावे. मुताचा उग्र वास साठला की सशाला श्वासाचे विकार होतात. शेपटीखाली घाण राहिली तर माशा अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या पडतात. म्हणून रोज उचलून पाहावे. काढलेल्या लेंड्या खतासाठी चांगल्या. फवारणी झालेल्या शेतातला चारा मात्र सशाला चुकूनही घालू नये.

नर-मादी एकत्र ठेवल्यास महिन्याभरात पिले होतात आणि घर अपुरे पडते. एवढे ससे नको असतील तर पशुवैद्यकांकडून नराचे खच्चीकरण करून घ्यावे.

हे सारे करायला मोठा खर्च लागत नाही. लाकूड, पाचट, रांजण आपल्या घरीच असतात. विकत घ्यावी लागते ती जाळी. घर तयार झाले की भर उन्हाळ्यात दुपारी तीन वाजता आपला हात त्या अंधाऱ्या खोलीत घालून पाच मिनिटे ठेवा. हाताला सोसवत नसेल तर सशालाही सोसवणार नाही. मी हे त्या एप्रिलनंतर शिकलो. आपण ससे बाहेर ठेवण्याआधीच करून पाहा.