पडद्यावरची मोहिनी : कमलाबाई गोखले

आमच्या कळंबच्या शाळेत गॅदरिंगला राणी कोण होणार विचारलं, की मुलींचे हात भराभर वर येतात. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांना मात्र 'राजा हरिश्चंद्र'मधल्या तारामतीसाठी एकही बाई मिळाली नाही. शेवटी हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके साडी नेसून उभे राहिले. दंडार पाहिलेल्या पालकांना यात नवल वाटणार नाही म्हणा!

त्याच वर्षी फाळक्यांनी 'मोहिनी भस्मासुर' काढला. त्यात दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमला मोहिनी. कमलाचं वय जेमतेम तेरा, म्हणजे आपल्या सातवी-आठवीतली पोर. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या दुर्गाबाई लेकीला घेऊन नाटक कंपनीबरोबर गावोगाव फिरत. अशा फिरतीत शाळा कुठली? आईनंच तिला शिकवलं.

पुढे कमलाचं लग्न नट रघुनाथराव गोखल्यांशी झालं. ते लवकर गेले. पदरात लहान मुलं, वय पंचविशीच्या आसपास. तरी कमलाबाईंनी तोंडाला रंग लावणं सोडलं नाही, त्याच कमाईवर मुलं वाढवली. अभिनेते चंद्रकांत गोखले हे त्यांचे चिरंजीव.

वर्गात हे सांगताना मी उलटीकडून सुरुवात करतो. विक्रम गोखले पोरांनी टीव्हीवर पाहिलेले असतात. "त्यांची आजी कोण, माहीत आहे का?" असं विचारायचं.